‘नेहमीचंच’ म्हणालो तो हंगाम

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही. दरवर्षी सोयाबीन निघायला लागलं, मळणी यंत्राचं भुसकट हवेत उडायला लागलं की ती आपोआप वर यायची, आणि मी दुकानातलं एखादं काम उकरून काढायचो. पोती इकडची तिकडे लावायचो, तराजू पुसायचो. आता दुकान नाही, तराजू नाही. उकरून काढायला काम उरलं नाही, तेव्हा ही गोष्टच उरली.

सध्या मी नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलाकडे राहतो. सकाळी धरणाच्या बाजूनं फिरायला जातो. फिरणं थोडं आणि बसणं जास्त, असा आमचा म्हाताऱ्यांचा एक घोळका आहे. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारी कचेऱ्यांवर फलक लागतात, साहेबापासून शिपायापर्यंत सगळे हात पुढे करून भ्रष्टाचार न करण्याची शपथ घेतात. यंदाही फलक लागला आणि आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, “शपथ उजव्या हातानं घ्यायची. डावा हात मोकळाच असतो.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हा विनोद मी फार पूर्वी केलेला आहे. माझ्याआधी आणखी कुणी केला असेल. असल्या विनोदांना बाप पुष्कळ असतात. मी एवढंच म्हणालो, “आमच्या गावाला एक तलाठी मॅडम होत्या. त्या घेत नव्हत्या.”

“असं तुम्हाला वाटतं,” इंजिनिअर म्हणाले. “कशावरून घेत नव्हत्या?”

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

माझं गाव लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ आणि उदगीर यांच्या मधल्या काळ्या रानात. गावात आमचं किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान. कपाळाला विभूती लावून गादीवर बसलेला आप्पा म्हणजे मी. दुकानापुढच्या दगडी कट्ट्यावर गाव बसायचं. मुंबईत कुठलं सरकार आलं, कुठलं गेलं, कोण मंत्री ‘भ्रष्टाचार मुळासकट उपटतो’ म्हणाला, हे सगळं तिथं चघळलं जायचं. मुळासकट म्हटलं की कुणीतरी म्हणायचं, “मुळं उपटून ह्येच खातेत.” टेबलाखालून देण्याला आमच्याकडे कुणी लाच म्हणत नसे. तो शब्द वर्तमानपत्रातला. आम्ही म्हणायचो ‘नेहमीचं’. किती, कुणाला, कशासाठी, सगळं त्या एका शब्दात यायचं. पाण्याला जसं पाणी म्हणतात तसं ते नेहमीचं.

त्या वर्षी पावसाळ्यात माझे वडील गेले. आमच्या रितीप्रमाणे त्यांना शेतातच समाधी दिली. सोयाबीन फुलात होतं. दसरा होऊन ते काढणीला आलं तेव्हा समाधीभोवतीचा चौकोन तेवढा हिरवा गवताचा आणि बाकी रान करडं, वाळलेलं, शेंगा खुळखुळणारं. त्या आवाजात चालत जाताना वाटायचं, वडील मागून खिशातली चिल्लर वाजवत येताहेत. जमिनीला वारस म्हणून आता माझं नाव लावायचं होतं आणि त्यासाठी तलाठ्याकडे जायचं होतं. तलाठी म्हणून नुकत्याच कुमरे मॅडम आल्या होत्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शपथेच्याच दिवशी. तालुक्याच्या कचेरीत कामाला गेलो होतो. अंगणात सगळे कर्मचारी रांगेत उभे, हात पुढे. एकजण कागदावरून वाचत होता आणि बाकीचे पुटपुटत होते, सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखे. त्या पुटपुटण्यात एकच आवाज स्वच्छ येत होता. सावळ्या, ठेंगण्या, निळ्या सुती साडीतल्या एक बाई शब्द न् शब्द म्हणत होत्या. कचेरीच्या भिंतीवर ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली खंडू उभा होता. खंडू म्हणजे आमच्या गावचा मध्यस्थ. लोकांची कामं करून देतो म्हणायचा. त्याचा पत्ता कुणी विचारला तर लोक सांगायचे, “त्या पाटीखाली बघा.”

“आप्पा, ती बघा नवी मॅडम,” खंडू म्हणाला. “किनवटकडची हाय. जंगलातली. लई मनापून म्हनायली शपथ.”

“उजव्या हातानं घेतीय ना? डावा मोकळाच हाय,” मी म्हणालो. खंडू इतका हसला की रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मॅडमनी पाहिलं नाही. त्यांचं शेवटचं वाक्य राहिलं होतं, ते त्यांनी पूर्ण केलं.

पुढच्या आठवड्यात मी सज्जावर, म्हणजे त्यांच्या कार्यालयात गेलो. एका खोलीचं कार्यालय. दारात तुळस, आत ओल्या चुन्याचा वास. अर्ज पुढे ठेवला आणि खालून हळूच पाकीट सरकवलं. हे मी कधी चुकत नसे. कुमरे मॅडमनी अर्ज घेतला, वाचला, आणि पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आप्पा, हे उचला. वाऱ्यानं उडालं तर मले शोधत बसा लागंल.”

“चहापाण्याचं हाय, मॅडम.”

“चहा हाय माझ्याकडं.”

त्यांनी खाली वाकून थर्मास काढला. दोन कपांत चहा ओतला, एक माझ्यापुढे केला. आयुष्यभर मी सरकारी टेबलाला चहापाणी देत आलो; टेबलानं मला चहा दिला तो तेवढाच. आलं जास्त झालं होतं. मी पीत असताना त्या नोटिशीचा मजकूर लिहीत होत्या. मध्येच विचारलं, “वडलाला कुठं ठेवलं?” जाळलं का असं न विचारता ठेवलं का असं विचारणारी ती पहिली परकी बाई. मी समाधीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. “आमच्याकडंही शेताच्या कडंलाच असते आमची माणसं,” म्हणाल्या. “हरकतीची मुदत झाली की नोंद होते. तुम्ही चक्कर मारू नका. रान काढून घ्या, आभाळ भरून राहिलं.”

आणि खरंच, मुदत संपली, नोंद झाली. न सांगता, न विचारता.

उताऱ्यावर माझं नाव बघून मी घरी आलो. वाटेत तुरी पिवळ्या फुलल्या होत्या, हवेत जरासा गारवा होता. कचेरीतून मान वर करून घरी येण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे चालताना हातांचं काय करावं ते कळेना. कट्ट्यावर खंडू आणि आणखी चारदोन जण बसले होते.

“काय आप्पा, झालं का काम?”

“झालं.”

“मग? किती घेतलं जंगलच्या बाईनं?”

आणि मी म्हणालो, “नेहमीचंच.”

तो शब्द तोंडातून कसा निघाला यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. लगेच सुचणारं कारण म्हणजे भीड. घेतलं नाही म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. कुणी म्हटलं असतं आप्पाचा वशिला असणार. कुणी म्हटलं असतं आप्पा आकडा लपवतोय. आणि फुकटात काम झालेला माणूस आमच्याकडे हुशार ठरत नाही, संशयित ठरतो. पण याच्या खाली आणखी एक कारण होतं आणि ते मला फार उशिरा दिसलं. ती बाई घेत नाही हे कबूल केलं, तर आजवर ज्यांना ज्यांना मी दिलं त्यांना देण्याची गरज होती का, हा प्रश्न आला असता. सगळेच खातात म्हटलं की आपण भरवलेला घास पाप राहत नाही, रीत होते. सरकारच्या वचनांना हसताना आपण सरकारला हसतो असं वाटतं. मी तर स्वतःचं पांघरूण नीट करून घेत होतो.

त्या हंगामात गावात एक गंमत झाली. गंमतच म्हणावी लागेल. आमच्या घरातून, अक्काकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, मला ती कळली. बायका सोयाबीनचा सर्वा, म्हणजे काढणीनंतर रानात पडलेल्या शेंगा, वेचायला जायच्या आणि तिथं एकमेकींच्या कानात सांगायच्या. “अवं, सगळ्या एकच म्हनायल्यात,” अक्का म्हणाली. “आमच्याकडून मॅडमनी काय घेतलं न्हाई, पर कुनाला सांगू नका.”

“का सांगू नका?”

“गडी मान्सं कट्ट्यावर दिलं म्हनून सांगून आलेत ना.”

आप्पांनी दिलं, मग आपण दिलं नाही असं कसं सांगायचं? असं करत प्रत्येक जण ‘नेहमीचंच’ म्हणत गेला. प्रत्येकाला वाटलं, फुकटात झालं ते आपल्या एकट्याचंच. बायकांच्या गावात कुमरे मॅडम घेत नव्हत्या आणि पुरुषांच्या गावात घेत होत्या. दोन्ही गावं एकाच चुलीवरचं जेवत होती.

त्या बाईंचं काम मात्र बघत राहावं असं होतं. तूर वाळायला लागली, करडईचे काटे पायाला लागायला लागले, तेव्हा त्या पिकांची नोंद करायला स्वतः बांधाबांधानं फिरायच्या. आधीचे तलाठी ही नोंद खोलीत बसून करायचे. आमच्या विहिरीवर एका वर्षी ऊस उभा केला होता त्यांनी, कागदावर. मॅडम डोक्याला पांढरा रुमाल बांधून, चप्पल हातात घेऊन भिजवलेल्या रानातल्या चिखलातून येताना दिसायच्या. म्हाताऱ्या कुणब्यांशी वाद घालायच्या. एकानं हरभऱ्याला गहू लिहा म्हटलं तर म्हणाल्या, “लिहिते. पण मग मले चपात्या खाऊ घालाव्या लागतील ह्याच्या.” बांधावरचे सगळे हसले, तोही हसला, आणि हरभरा लिहिला गेला.

येळवस आली. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी लातूरकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि आंबील, भज्जी, उंडे, खीर जेवायची. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. तो कोण हे विचारायचं नाही. मॅडम कुणाच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत, पण अक्कानं त्यांना बांधावरून जाताना पाहिलं.

“मॅडम, जेवून जावा.”

“नको अक्का. कामावर हाय मी.”

“येळवशीला आवतण धाडायची रीत न्हाई आमच्यात. यायची रीत हाय. पांडवाच्या पंगतीला कसली आली लाच?”

त्या हसल्या आणि कोपीपुढे मांडी घालून बसल्या. आंबील त्यांनी पहिल्यांदाच चाखली असावी. आंबटपणानं एक डोळा मिटला. मग आणखी मागितली. अक्कानं सहज विचारलं, तुम्हाला त्रास नाही का देत वरची माणसं?

“देते ना,” त्या म्हणाल्या. “आश्रमशाळेत व्हतो तवा रोज प्रतिज्ञा म्हणायचो. ‘माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे.’ पोरी म्हणत म्हणत वेण्या घालायच्या. मी खरी धरून राहायची. तवापासून हसून राहिले लोक, आता सवय झाली. म्हटलं ते म्हटलं.”

मी समोर बसून भज्जी वाढत होतो. माझा शब्द गावात फिरायला लागून तेव्हा महिना उलटला होता. वडिलांच्या समाधीवर अक्कानं झेंडूची माळ घातली होती. मॅडम उठताना तिथं गेल्या, चपला काढून वाकल्या. मी त्या वेळी सांगायला हवं होतं. दुपारच्या उन्हात ज्वारीची पानं लकाकत होती, तिसरं कुणी जवळ नव्हतं, आणि मी म्हणालो, “खीर न्यायची का डब्यात?”

माझ्या शब्दाचं खंडूनं पीक काढलं. लोकांना तो सांगू लागला, “आप्पांनी दिलंय, तुम्ही काय आप्पांपेक्षा शहाणे? माझ्याकडं द्या, मी पोचवतो.” लोक द्यायचे. काम मुदतीत व्हायचंच होतं, ते व्हायचं, आणि खंडूचं नाव व्हायचं. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. मग एकानं शेजाऱ्याच्या बांधाचा तुकडा आपल्या नावावर करून घ्यायला खंडूला पाकीट दिलं. ते काम होण्यासारखं नव्हतं; मॅडमनी अर्ज फेटाळला. तो माणूस चिडला. घेऊन वर काम करत नाही म्हणजे काय? त्यानं वर तक्रार केली.

चौकशीला लातूरहून एक साहेब आले. ग्रामपंचायतीत टेबल टाकलं होतं. ज्यांची ज्यांची कामं झाली होती त्यांना बोलावलं. खंडू दाराला टेकून उभा, बाकी गाव खिडक्यांत. मॅडम कोपऱ्यात, पदर खांद्यावरून घेऊन सरळ बसलेल्या.

“आप्पा, तलाठी मॅडमना तुम्ही काही दिलं?”

“न्हाई साहेब.”

खिडकीतून हसण्याचा आवाज आला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “सगळे अंग काढून घेतायत. देणाराही अडकतो म्हणून घाबरता तुम्ही. पण गावात तर वेगळंच बोललं जातं. तुम्हीच बोललात म्हणतात.”

आता एकच वाक्य हवं होतं. ‘कट्ट्यावर मी खोटं बोललो.’ माझं खरं त्या वाक्याशिवाय लंगडं होतं. चौकशीत सगळेच अंग झटकतात, त्यातलं ते आणखी एक ठरत होतं. दाराला खंडू होता, खिडकीत माझी गिऱ्हाइकं होती. जन्मभर गादीवर बसून कमावलेला शब्द खोटा होता असं गावासमोर म्हणायचं होतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आशेनं नाही, नुसत्या बघत होत्या. मी म्हणालो, “लोक काय, बोलतेत साहेब.” आणि सही केली.

बाहेर आल्यावर खंडूनं पाठीवर हात ठेवला. “बेस केलं आप्पा. कुनाला अडकू दिलं न्हाई.”

घरी अक्कानं विचारलं, “काय सांगितलं?”

“खरं सांगितलं.”

“कुठलं खरं?” ती म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

पुरावा सापडला नाही. सापडणार कुठून? पाकिटं खंडूच्याच खिशात थांबली होती, आणि त्यानं कानावर हात ठेवले. पण पुरावा सापडला नाही याचा अर्थ ती निर्दोष आहे, असा आमच्या कट्ट्यावर होत नाही. “वरपतूर पोचवलं असंल,” लोक म्हणाले. घेतलं तरी दोषी, सुटली तरी दोषी. सरकारनं कितीही शपथा घातल्या तरी आमच्या या हिशेबात स्वच्छ माणसाला उभं राहायला जागा कुठं होती? मॅडमची बदली झाली. बढती अडकून राहिली, असं पुढे ऐकलं. टेम्पोत त्यांचं सामान बसलं आणि तरी अर्धा टेम्पो रिकामा होता. हरभरा घाट्यांवर आला होता. ती सुगी माझ्या आठवणीत तिथं संपते.

मध्ये वर्षं गेली. खंडूला पुढे अर्धांगवायू झाला. मी त्याला बघायला जायचो, आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. दुकान आवरलं, विष्णुपुरीला आलो. यंदा धरणावरून परत येऊन मी अक्काला इंजिनिअरांचा प्रश्न सांगितला. ती शेंगा सोलत होती.

“जावा की एकदा,” ती म्हणाली. “किनवट काय काशी हाय का?”

नांदेडहून गाडीनं गेलो. भोकर मागे पडलं तशी रानं बदलली. काळी माती लाल झाली, कापूस फुटलेला, मग साग सुरू झाला. मॅडम निवृत्त होऊन आपल्या गावी राहतात हे आधी विचारून घेतलं होतं. स्टेशनवरून जीप केली. जीपवाला त्यांना ओळखत होता. जंगलच्या जमिनीचे कागद वाचायला लोक त्यांच्या ओसरीवर येतात, म्हणाला.

“काही घेतात का?” मी विचारलं. जिभेची जुनी खोड.

“घेते ना. क्लास घेते,” तो म्हणाला. “अंगठा लावायले गेलं का सही शिकवल्याबिगर सोडत नाही.”

ओसरीवर खरोखर दोन म्हातारे पाटीवर आपापलं नाव गिरवत होते. मॅडमचे केस पांढरे झालेत, चष्मा आलाय. मला बघून लगेच म्हणाल्या, “आप्पा. अक्का कशी हाय?”

पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. आमच्या गावातल्या कितीतरी जणांची त्यांनी नावानं विचारपूस केली, त्यात बांधाची तक्रार करणाराही होता. त्याच्या मुलीचं लग्न झालं का, विचारलं. मी गाडीत वाक्य घोकत आलो होतो. ते ओठांवर आणलं. “मॅडम, मी एका गोष्टीसाठी आलो.”

“मलेही एक सांगायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मीच येणार व्हते, पण राहून गेलं. तुमचे आभार मानायचे व्हते.”

मला कळेना.

“चौकशी चालली तवा मले सगळ्यांचे जबाब वाचायले भेटले. कुणी म्हणे आठवत नाही, कुणी म्हणे घरच्याले विचारा. ‘मी काही दिलेलं नाही’ असं सरळ लिहून सही करणारे तुम्ही पहिले. तुमच्यामागून मग बाकीच्यांनी केल्या.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “लई वाईट दिवस व्हते आप्पा. वाटायचं सोडून द्यावं सगळं. मग म्हणायची, एक माणूस तरी खरं बोलला ना त्या गावात. त्याच्यावर निभावलं मी.”

म्हाताऱ्यांपैकी एकानं पाटी पुढे केली. त्याचं नाव एका काना-मात्रेनं चुकलं होतं. मॅडमनी त्याला ते दाखवलं, हात धरून पुन्हा लिहून घेतलं. मी तिथं बसून होतो. सांगितलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं आणि त्यांचा आधार गेला असता. न सांगितलं, तर त्यांचे आभार मी चोरून नेत होतो. दोन्हीकडून मीच चोर. शेवटी जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि मी उठलो. त्या फाटकापर्यंत पोचवायला आल्या, अक्काला घेऊन या म्हणाल्या.

आता इंजिनिअरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, ते वरती लिहिलं आहे. ज्यांना वाटतं कुणीच नसतं, त्यांनी ते वाचावं. असतात. आपण त्यांना साक्ष देत नाही, एवढंच. हे छापून आलं तर कदाचित किनवटलाही पोचेल, कुणीतरी ओसरीवर वाचून दाखवेल. म्हणून नांदेड ते किनवट घोकत नेलेलं आणि तसंच परत आणलेलं वाक्य इथं लिहितो. कुमरे मॅडम, तुमच्याविषयी त्या गावातलं पहिलं खोटं मी बोललो. तुम्ही माझ्याकडून काहीही घेतलं नव्हतं. मला माफ करा.